इंजिनाचा मुहूर्त

एवढी मोठी पिकअप घेताना अश्विनने लहान टर्बो इंजिनवाली निवडली, तेव्हापासून त्याचे वडील रुपराव त्या गाडीत बसले नव्हते. "भरली का दम तोडते, पाहाजो," एवढंच ते म्हणाले होते. टर्बो थंड व्हावा म्हणून अश्विन रोज अंगणात गाडी मिनिटभर चालू ठेवायचा आणि मगच किल्ली फिरवायचा. ओट्यावरून रुपरावांचा टोमणा ठरलेला. "बंद करायलेबी मुहूर्त लागते तुह्या इंजिनले."

आज दुपारी त्याच ओट्यावर ते छाती धरून खाली बसले. गाडीत मागे भरलेली धानाची पोती उतरवायलाही सवड नव्हती. अश्विनने त्यांना शेजारच्या सीटवर टेकवलं आणि कुहीहून नागपूरपर्यंत अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. एक कान इंजिनाकडे, एक बापाच्या श्वासाकडे. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, स्ट्रेचर धावत आलं. त्याचा हात लगेच किल्लीवर गेला.

घामाने निथळलेल्या रुपरावांनी डोळे उघडले आणि तो हात धरला.



"लगेच बंद नोको करू गा. मिनिटभर चालू राहू दे."