वर्षअखेरची झाडलोट

“ओळ दोनशे चौदा,” तोकिएदा म्हणाला. “वजाबाकीच्या जागी बेरीज झालीय. आणि ओळीसमोर नाव आहे हिराओचं.”

बैठकीतली सगळी डोकी हिराओकडे वळली. सातजणांच्या गटात ती सर्वांत धाकटी. जपानातल्या एका डोंगराच्या पोटात पाण्याची अवाढव्य टाकी होती आणि गेली बावीस वर्षं हा गट त्या टाकीत एका कणाची खूण शोधत होता. जानेवारीत खूण सापडली. जगभर गाजावाजा झाला. तीन आठवड्यांत कोरियातल्या लोकांनी दाखवून दिलं, खूणबीण काही नाही, तुमच्या गणितात चिन्ह उलटं पडलंय. मग काय, छी-थू!

गणित करणारा प्रोग्राम सगळ्यांचा मिळून होता. तो एका सामाईक भांडारात असे. पाच देशांतली माणसं त्यात भर घालत आणि प्रत्येक ओळीसमोर, ती तिथे ठेवणाऱ्याचं नाव आपोआप उमटे. भांडार खोटं बोलत नाही, असं तोकिएदा येताजाता ऐकवी. भांडाराची किल्ली त्याच्याकडे होती ना!

“खरं सांग, तू बदललंस की आधीपासूनच तसं होतं?” त्याने विचारलं. “जुनं भांडार तर आपण पुसून टाकलं. तुझ्याकडे जुनी प्रत आहे?”

हिराओने टेबलाच्या टोकाला बसलेल्या गटप्रमुख काजितानी सरांकडे पाहिलं. सर संत्रं सोलत होते. साल नेहमीसारखी एका लांब पट्टीत निघत होती.

“नाही,” ती म्हणाली. “साफसफाई करताना माझ्याच हातून झालं. माफ करा.”

ती उठली आणि कमरेतून खाली वाकली. बराच वेळ तशीच राहिली.

प्रत होती. तिच्या लॅपटॉपमध्येच होती. आदल्या दिवशी तिने उघडून पाहिली होती. दोन वर्षांपूर्वीची तीच ओळ, तेच उलटं चिन्ह. समोर नाव काजितानींचं.

ते नाव पुसलं गेलं डिसेंबरच्या झाडलोटीत. वर्ष संपताना सगळी संस्था खिडक्या पुसते, कपाटं उपसते. हा गट भांडारातल्या फाईलीही झाडतो. यंदा नवा सर्व्हर आला होता. “जुना पसारा नव्या घरात कशाला न्यायचा?” सर म्हणाले, आणि ते सगळ्यांना पटलं. सात अवघड फाईली सातजणांनी निवडून-पाखडून नव्या भांडारात ठेवायच्या, बाकीच्या सर हलवतील, असं ठरलं.

कोणाला कोणती, ते दरवर्षी चिठ्ठ्या टाकून ठरे. सरांनी वर वर्षाचा आकडा घालून सात चिठ्ठ्या लिहिल्या आणि भाताच्या बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. एकेकाने उचलली, सरांनीही आपली घेऊन वाचली. हिराओ चहा ओतत होती. तिच्यासाठी सरांनीच डब्यात हात घातला आणि चिठ्ठी तिच्या तळहातावर ठेवली.

“घे. धाकट्याच्या नशिबी उरलंसुरलं!”

सगळे हसले. तीही हसली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘पाण्याचा गढूळपणा’. टाकीतल्या गढूळपणाचा हिशेब ठेवणारी ती फाईल जानेवारीत पहिल्यांदाच वापरात यायची होती.

नव्या भांडारात काहीही ठेवायचं तर दुसऱ्या कोणाची तरी मंजुरी लागे. तिच्या फाईलला सरांनी पाच मिनिटांत मंजुरी दिली. एरवी एका रिकाम्या जागेसाठी तीनतीनदा परत पाठवणारा माणूस! सरांचा आपल्यावर विश्वास बसला, म्हणून ती त्या दिवशी हरखून गेली होती.

बैठकीनंतर तोकिएदाने तिला जिन्यात गाठलं.

“तुझा करार मार्चमध्ये संपतोय. सोमवारी मुदतवाढीचं ठरणार. आणि तू भर सभेत मान पुढे करतेस? अक्कल गहाण ठेवलीस का?”

“झालं ते झालं, तोकिएदासान.”

“सर काही बोलले?”

“चूक कोणाकडूनही होते, म्हणाले.”

“मोठा माणूस,” तोकिएदा म्हणाला.

मोठाच होता. आईच्या आजारपणात हिराओची दोन वर्षं वाया गेली, तेव्हा तीन विद्यापीठांनी तिला दारातूनच वाटेला लावलं होतं. सरांनी एका भेटीत घेतलं. त्यांचं मीठ तिने खाल्लं होतं. शुक्रवारी त्यांचं निवृत्तीचं व्याख्यान होतं. चाळीस वर्षांच्या कामावर अगदी शेवटी डाग पडावा, हे तिला बघवलं नसतं.

व्याख्यान छान झालं. जुने विद्यार्थी कुठून कुठून आले. शेवटी सर म्हणाले, “तरुणांच्या चुका पोटात घाला.” टाळ्या थांबेनात. मागच्या रांगेत हिराओ रडत होती, आणि आपण केलं ते योग्यच केलं, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

सोमवारी निर्णय आला. मुदतवाढ नाही.

मार्चच्या अखेरीस तिने सरांची खोली आवरून दिली. दोघांचाही तो शेवटचा दिवस. कपाटावर बिस्किटांचा डबा होता.

“हा मी नेऊ, सर? आठवण म्हणून?”

“ने की,” सर खोक्यावर पट्टी चिकटवत म्हणाले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. “आणि ही संत्रीही घेऊन जा. बसमध्ये खा.”

बस घाटाला लागली, तशी संत्री मांडीवरून घरंगळायला लागली. डब्यात ठेवावीत म्हणून तिने झाकण उघडलं. तळाशी, बिस्किटांच्या चुऱ्यात, एक चिठ्ठी पडली होती. तिची घडी अजून मोडलेली नव्हती.

हिराओने ती उलगडली. वर गेल्या डिसेंबरचं साल होतं. खाली सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘तापमानाच्या नोंदी’.

तिने बोटांवर मोजून पाहिलं. सात माणसं, सात चिठ्ठ्या. सातवी डब्यातून कधी निघालीच नव्हती. तिच्या तळहातावर आली ती सरांच्या वाट्याची होती.