रॉकेलवरचं इंजिन

पेट्रोल मिळेना, म्हणून जगननं भोंग्याला वीज देणारं छोटं इंजिन रॉकेलवर चालवायचं ठरवलं. आठ दिवस कार्बोरेटरचा स्क्रू पाव पाव आटा फिरवत तो उत्रोलीच्या देवळामागं बसला होता. त्याच्या आईला, अक्काबाईला, भोंग्याशिवाय कीर्तन ऐकू येत नसे. रामनवमीला उरलेल्या कपभर पेट्रोलवर इंजिन सुरू झालं, तापल्यावर रॉकेलवर धावू लागलं, आणि अख्खा पूर्वरंग तिनं डोळे मिटून ऐकला. मग जगन हातपाय धुवायला ओढ्यावर गेला. परत येतो तो इंजिन बंद, गार. गार इंजिन रॉकेलवर सुरू होत नाही, आणि पेट्रोल तर संपलेलं. "कुणी बंद केलं?" सगळ्यांनी अक्काबाईकडं पाहिलं. "म्या," ती म्हणाली. "बुवा देवाच्या पाया पडत व्हते. तवा फटफट बरी दिसती व्हय?" जगन तिच्या कानाशी ओरडला, "तुला ती ऐकू तरी येती का?" "धूर दिसतो की." त्यानं इंजिनाची दोरी ओढओढ ओढली, प्लग पुसला, स्क्रू पुन्हा फिरवला. इंजिन नुसतं खाकरलं. बारा वाजत आले, रामजन्माची वेळ झाली. शेवटी स्क्रूड्रायव्हर फेकून, काळ्या हातांनीच तो आईजवळ बसला आणि बुवांचं एकेक वाक्य तिच्या कानात ओरडू लागला. त्याचं संपेपर्यंत बुवाही पुढचं वाक्य घेईनात. जन्म झाला, गुलाल उधळला. अक्काबाईनं त्याच्या गालावरची काजळी पदरानं पुसली. "पुढच्या वर्सी इंजिन नगं आणू. तूच बस हितं." जगनला लई बोलायचं होतं, पण त्याचा घसाच बसला होता.