मशीनचा आवाज

“आज आवाज वेगळा वाटते. तू खरंच मशीन हायस ना?” हेडफोनमध्ये एका बाईनं विचारलं.

रीना थांबली. एरवी ती चटकन उत्तर देई: होय, मी यंत्र आहे, निःसंकोच बोला. तेच वाक्य, तोच सपाट सूर. पण आज पौर्णिमा होती. सकाळी पांढरी साडी नेसून तिनं विहारात अष्टशील घेतलं होतं. त्यात खोटं न बोलण्याचंही एक शील होतं.

“बोला, ऐकते आहे,” ती म्हणाली. एवढं तरी खरं होतं.

कुरखेड्यात बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत आठ पोरी बसत. साऱ्या पदवीधर. दूरच्या एका कंपनीनं बायांच्या आजारांची माहिती सांगणारी बोलकी मशीन विकली होती. मशीन काही जमली नाही, म्हणून तिचं काम या पोरींकडे आलं. जाहिरात मात्र गावोगावी तीच राहिली: ‘लाजू नका, इथे कोणी माणूस ऐकत नाही.’ तेव्हा हसायचं नाही, खोकायचं नाही, ‘अगं बाई’ म्हणायचं नाही. परवा त्यांच्यातली रोशनी शिंकली, तर देखरेख करणारे प्रफुलसर म्हणाले, “घ्या! आपल्या मशीनले सर्दी झाली. हळदीचं दूध पाजा तिले.” पोरी तोंड दाबून हसल्या. काम सोडायचं कोणाच्याच मनात नव्हतं. त्यांच्यासोबत शिकलेल्या कितीतरी जणी पदवी पेटीत ठेवून दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवणीला जात होत्या.

“मशीनबाई,” पलीकडून आवाज आला, “नवरा जाऊन दोन वर्सं झाली. आता पोट दिसाले लागलं. दिराचं हाय. नाव घेशील तर लेकराले मारून टाकीन म्हणते.”

रीनाच्या समोरच्या पडद्यावर ठरलेलं उत्तर आलं. तिनं ते वाचून दाखवलं: कृपया जवळच्या आरोग्य केंद्रात जा.

“कशी जाऊ? तिथली नर्स आमच्याच गल्लीतली. घरी बोलता येत नाई. म्हणून इहिरीवर आलो. इथी कोणी नसते.”

रहाट करकरला. खूप खाली पाणी वाजलं.

रीनानं वळून पाहिलं. प्रफुलसर काचेपलीकडून बोट हलवत होते. वाच, पुढचं वाच. पुढच्या ओळीत फोन केल्याबद्दल धन्यवाद होते. एक जीव विहिरीच्या काठावर आणि आपण यंत्र होऊन बसायचं, याहून मोठं खोटं ते कोणतं? नोकरी जाईल, हे तिला कळत होतं. तिनं तो सपाट सूर टाकून दिला.

“बाई, उडी नोका घेऊ!” ती ओरडली. “मी मशीन नाई. माणूस हावो. रीना, कुरखेड्याची. तुमी कोणत्या गावच्या ते सांगा, मी आत्ता येतो.”

बाकीच्या पोरी बोलता बोलता थांबल्या. प्रफुलसरांची खुर्ची मागे सरकली.

पलीकडे रहाट थांबला.

“उडी?” बाई म्हणाली. “मी तं पानी भराले आलो होतो व माय. रोज इथी मशीनजवळ बोलतो, मन हलकं करतो, न घागर भरून घरी जातो.”

मग तिचा आवाज अगदी बारीक झाला.

“आता माणसाले माहीत झालं. आता घरी कशी जाऊ?”