हे इतिवृत्तात घेऊ नका

हफीजा उभी राहिली तेव्हा शांतता समितीच्या बैठकीत चहा वाटणं चाललं होतं. यंदा गणपती आणि ईद एकाच पंधरवड्यात, म्हणून बंदराजवळच्या पोलीस ठाण्यात सगळ्यांना बोलावलेलं. मिरवणुकीचा रस्ता ठरला, भोंगे बंद करायची वेळ ठरली, मंडळी ‘होय साहेब, होय साहेब’ म्हणून मोकळी झाली. आता चहा प्यायचा नि घरी जायचं. अशा वेळी कोणी उभं राहतं का? ही राहिली.

“साहेब, माझा एक ठराव आहे.”

वीस वर्षं धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारणारी बाई ती. तिचं साधं बोलणंही रस्त्यावर ऐकू जातं. निरीक्षकांनी कप खाली ठेवला.

“उमेरबद्दल असेल तर चौकशी संपली, हफीजाबाई. अहवाल आलाय.”

“चौकशी केली कुणी?”

“आमच्याच साहाय्यक निरीक्षकांनी. नीट केली.”

“म्हणजे तुमची तुम्हीच.”

उमेर तिचा मुलगा. महिन्याभरापूर्वी होडीचं इंजिन चोरल्याच्या संशयावरून त्याला याच ठाण्यात आणलं होतं. इंजिन दुसऱ्या दिवशी भलतीकडेच सापडलं. उमेर घरी आला तो डाव्या कानाने बहिरा होऊन. अहवाल म्हणतो, होडीवर घसरून पडला. आता जाळं ओढताना होडीचा म्होरक्या तांडेल काय ओरडतो ते त्याला ऐकू येत नाही, म्हणून कुठलाच तांडेल त्याला होडीवर घेत नाही. बाविसाव्या वर्षी पोरगा घरात बसलाय.

“बस गो बाय,” शेजारून महिपतराव हळूच म्हणाले. समितीतले सगळ्यात जुने सभासद, बाजारात कापडाचं दुकान. “सणाच्या तोंडावर कशाला?”

हफीजा बसली नाही. “ठराव एवढाच. पोलिसांवर तक्रार आली की चौकशी पोलिसांनी करायची नाही. बाहेरची माणसं नेमा. डॉक्टर असो, मास्तर असो, वकील असो. ठाण्याशी ज्याचं देणंघेणं नाही असा कोणीही. आपण इथून तसं वर लिहून पाठवायचं.”

निरीक्षक काही वाईट माणूस नव्हे, खोटं कशाला बोला. गेल्या पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी स्वतः माणसं बाहेर काढलेली सगळ्यांनी पाहिली होती. ते रागावले नाहीत, कळवळूनच बोलले. “बाई, माझी माणसं सणात अठरा-अठरा तास उभी असतात. उद्या हेल्मेटचा दंड बसलेलाही तक्रार घेऊन धावेल. आणि बाहेरच्या माणसाला आमचं काम काय कळणार?”

“मासळी घेणाऱ्याला होडी हाकता येते काय ओ साहेब? पण सडका बांगडा त्याला बरोबर कळतो.”

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

“ऐका साहेब,” हफीजा म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. “माझ्या भावाची होडी धक्क्याला लागली की मी बाजूला होते. त्या मासळीचा लिलाव मी पुकारत नाही, गंगुबाई पुकारते. तिच्या दिराची होडी आली की मी. आमची रीतच आहे तशी. मी चोर आहे म्हणून नाही हां. घेणाऱ्याचा भरवसा राहावा म्हणून. दोन टोपल्या मासळीसाठी आम्ही एवढं सांभाळतो. माझ्या पोराच्या कानासाठी तुम्ही सांभाळणार नाही?”

काय बोलली बाई! चौथीतून शाळा सुटलेली ही, आणि चाळीस माणसांच्या तोंडचा चहा तिने गार करून टाकला. पण टाळी वाजवायची छाती कोणाचीच झाली नाही. सगळे खाली फरशीकडे बघत बसले.

निरीक्षकांनी कप बाजूला सारला. मग कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळून म्हणाले, “हे इतिवृत्तात घेऊ नका.”

टेबलाशी शिपाई ज्ञानेश्वरी बसली होती. नोकरीला दोन वर्षं झालेली, लग्न ठरलेलं. बैठकीचं सगळं तीच वहीत उतरवत होती. ती उठून उभी राहिली.

“घेतलं साहेब.”

“मग खोडा.”

तिने खोडलं नाही. “ठरावाला अनुमोदन लागतं साहेब. कोणी दिलं नाही, म्हणून मी माझं नाव घातलंय.”

“तुम्ही समितीत नाही.”

“नाही साहेब. पण उमेरला आणलं त्या दुपारी ठाण्यात ड्यूटीवर मी होते.” शब्द सुटे सुटे आले. “चौकशीत मला कोणी काही विचारलंच नाही. बाहेरच्या कोणी विचारलं, तर सांगेन.”

बाप रे! वर्दीतली पोर, साहेबांच्या समोर! इतका वेळ ताठ उभी असलेली हफीजा मटकन खुर्चीत बसली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “पोरी, कुठल्या कुठे फेकतील गो तुला.”

“फेकू देत, खाला,” ती सख्ख्या मावशीला म्हणावं तसं म्हणाली.

ज्ञानेश्वरीने वही उचलली आणि रिवाजाप्रमाणे सह्यांसाठी पहिल्यांदा सगळ्यात जुन्या सभासदापुढे नेऊन ठेवली. महिपतरावांनी साहेबांकडे पाहिलं. मग पानाकडे. त्यांनी चष्मा लावला.

“पेन दे गो बाय,” ते म्हणाले, “नि दाखव, तुझ्या नावाखाली सही कुठे करायची.”