चटई संपते तिथे

लोकांच्या फरश्या आरशासारख्या करण्यात त्याची हयात गेली होती, आणि आज तो स्वतःच्याच चकाचक फरशीवर रबरी चटया चिकटवत होता. म्हाताऱ्या कुत्र्याचा मागचा पाय कापावा लागला होता, उरलेल्या तिन्ही पायांत संधिवात मुरलेला. "घसरला तर पुन्हा उभा राहणं कठीण," डॉक्टरांनी बजावलं होतं.

अंथरुणापासून वाडग्यापर्यंत चटई झाली, तिथून दारापर्यंत झाली.

"आणि तुमच्या खुर्चीपर्यंत?" बायकोने विचारलं.

"माझ्याकडे कशाला येतोय तो आता?"

कुत्रा लंगडायला लागला तेव्हा, "नुसती नाटकं!" म्हणत पट्ट्याला हिसके देऊन त्याला रोज फिरवणारा तोच होता. हाडातली गाठ कळली तोवर फार उशीर झाला होता.

तो थकून खुर्चीत टेकला. कुत्रा उठला, चटईवरून डुलत डुलत दारापर्यंत गेला, चपलांत हुंगून त्याने काहीतरी तोंडात धरलं, आणि वळून थेट खुर्चीच्या दिशेने उघड्या फरशीवर उतरला.

तो धावत पोचेपर्यंत कुत्रा दोनदा पडून दोनदा उठला होता. पण तोंडात धरलेला पट्टा काही त्याने सोडला नव्हता.