गुरुवारचा हँडओव्हर

शिवराम दारात बूट काढत होता आणि शैला त्याच दारात खुर्चीवर बसून बूट घालत होती. दोघांच्या भेटीची हीच वेळ. ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या दवाखान्यात तो नर्स, सहा ते एक. ती सरकारी इस्पितळात, दोन ते नऊ. रात्री ती परतेपर्यंत तो झोपलेला. जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की हातात उरायची दहा मिनिटं. दहा मिनिटांत कसला आलाय संसार! धड भांडायलासुद्धा पुरत नाहीत.

म्हणून ते हँडओव्हर करत. इस्पितळात ड्युटी बदलली की जाणाऱ्या नर्सनं येणाऱ्या नर्सला एकेका पेशंटची खबर द्यायची, खाटेजवळ उभं राहून. आणि समोरच्यानं ती घेतल्याशिवाय आपण जागा सोडायची नाही. दोघं वर्षानुवर्षं वॉर्डात हेच करत आले होते, ते घरात कधी शिरलं त्यांनाही कळलं नाही. सुरुवातीला गंमत होती. आता नुसता हँडओव्हर उरला होता.

"मैत्री," शैला म्हणाली. नजर बुटाच्या नाडीवर. "जेवली. वरण-भात, अर्धी पोळी. खोकला कमी. ताप नाही. होमवर्क बाकी."

"ओके."

"आणि ते..." ती थांबली. काय ते तिला आठवेना. "असू दे."

शिवरामनं विचारलं नाही. त्याला झोप हवी होती. सकाळी एका कामगाराचं बोट मशीनमध्ये गेलं होतं. तुकडा बर्फात घालून, माणूस गाडीत घालून त्यानं पाठवून दिला, हात धुतले आणि समोसा खाल्ला. समोसा चांगला होता.

"झालं?"

"झालं."

"नाही झालं," मैत्री म्हणाली. गुरुवार, म्हणजे तेव्हाच्या ओमानमध्ये शाळेला सुट्टी. आठ वर्षांची पोर सकाळपासून घरातच होती, अजून रात्रीच्याच फ्रॉकवर. "एक पेशंट राहिला."

"कोण गं? तुझी बाहुली?" शिवराम म्हणाला.

"मम्मी."

शैलाचा हात नाडीवर थांबला. मैत्री येऊन तिच्या खुर्चीशेजारी उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. मराठी शब्द जुळवत, नाही जुळले तिथे इंग्रजी ठोकत ती सांगू लागली.

"सहा वाजता उठली. चहा ठेवला. प्यायली नाही. चहा बर्न झाला, पॉटपण. गॅस मी ऑफ केला. नऊ वाजता बाथरूममध्ये गेली. नळ चालू होता. वन अवर. मी दार वाजवलं, तीन टाइम. थर्ड टाइमला ओ दिली. मग मला भरवलं. तिचं लंच निल."

शिवरामच्या काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. तोंडातून सवयीनंच आलं, "रडली?"

"नो. वॉलकडे बघत होती. डोळे ओपन."

"आज पहिल्यांदाच?"

"नाही. मागच्या थर्सडेला पण. आणि फ्रायडेला. फ्रायडेला तुम्ही झोपला होता."

खाली इस्पितळाची बस येऊन उभी राहिली. हॉर्न वाजला. ड्रायव्हर ओरडला, "यल्ला सिस्टर, यल्ला!"

"जाते मी," शैला म्हणाली आणि उठलीच नाही. एक बूट पायात, एक हातात. आवाज कढीसारखा पातळ. "मला काही वाटतच नाही हो. काल चार नंबरचं बाळ गेलं. मी चादर बदलली, दुसरं बाळ घेतलं. घरी आले. हिच्याकडे बघितलं. तरी नाही वाटलं काही."

हे पोरीदेखत बोलायला नको होतं. पण आता बोलून झालं होतं. मलापण तसंच होतं गं, असं शिवरामला म्हणायचं होतं. जीभ रेटली नाही. तो तिचा हात धरायला गेला तर बोटं आपसूक मनगटावर, नाडीवर गेली. बायकोचा नुसता हात कसा धरायचा, हेसुद्धा विसरला होता मेला! नाडी शहात्तर. एकदम नॉर्मल. त्या आकड्याचीच त्याला भीती वाटली. सकाळपासून पहिल्यांदा त्याला काहीतरी वाटलं, ते हे.

पुन्हा हॉर्न.

तो खिडकीशी गेला आणि हात हलवून ओरडला, "रूह, सदीक! जा तू, दोस्ता, सिस्टर आज येणार नाही!"

"अहो! सुपरवायझर बोंब मारेल."

"मारू दे."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या. आधी दोन घास खा, मग आपणच जाऊ डॉक्टरकडे. पेशंट म्हणून."

बस गेल्याचा आवाज आला. शिवराम खाली बसला, तिच्या पायातल्या बुटाची नाडी सोडली. शैलानं सोडू दिली. त्यानं बूट काढून बाजूला ठेवला आणि तो स्वैपाकघराकडे वळला, तर मैत्री अजून तिथंच. हात पाठीमागे, पाय जुळवलेले.

"काय गं? अजून काही राहिलं?"

"नाही. पप्पा, तुम्ही घेतला ना हँडओव्हर?"

"घेतला."

"नक्की?"

"हो गं बाई, नक्की घेतला."

मैत्रीनं मोठा श्वास सोडला.

"मग मी आता खालच्या अंबरीनकडे खेळायला जाऊ? ती नऊ वाजल्यापासून बोलावतेय."