मावशींची मापं

हॉटेलची नवी इमारत बांधायची ठरली, तेव्हा आर्किटेक्टबाईंनी आधी खोल्या आवरणाऱ्या मावशींना गाठलं.

"मावशी, कंबर सगळ्यात जास्त कधी भरून येते?"

मावशींना हसूच आलं. "पलंगाची चादर खोचताना. आणि टब घासताना तर जीव जातो. पण तुम्हाला कशाला हवंय हे?"

"सांगते नंतर," म्हणत बाई दिवसभर त्यांच्या मागे फिरल्या. चौदा खोल्या बरोबरीने आवरल्या. भिंती सोडून टेपने मावशींचाच हात, कोपर, गुडघा मोजत राहिल्या. मावशींना वाटलं, बाईंचं काही खरं नाही.

दोन वर्षांनी उद्घाटन झालं. पाहुणे माना वर करकरून लॉबीचं छत बघत होते. मावशी वरच्या मजल्यावर कामाला लागल्या होत्या. पलंग वीतभर उंच झाले होते, टबाशेजारी बसून घासता येईल असा ओटा होता आणि चादरींचं कपाट दर चार खोल्यांमागे एक.

संध्याकाळी मावशी घरी पोचल्या, हातपाय धुतले आणि तडक स्वयंपाकाला उभ्या राहिल्या. बामची बाटली हातात घेऊन लेक बघतच राहिली.

"आई, आज सुट्टी होती का गं तुला?"